वाचनालयासाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर पारखायचं कसं? (कोल्हापूर)

दाखलनोंद

नमस्कार मंडळी. कोल्हापूर शहरातलं 'ब' वर्गातलं एक सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकं साधारण २२,०००, चालू सभासद ९०० च्या आसपास, कर्मचारी तीन. देवघेव जुन्या सॉफ्टवेअरवर चालते आणि ते करून देणाऱ्यांनी आता तो व्यवसायच बंद केला आहे. डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फायलीत आहे, मराठी मजकूर युनिकोडपूर्व (आताच्या प्रमाण अक्षरपद्धतीआधीच्या) फाँटमध्ये. संगणक दोन, दोन्हींवर विंडोज १०.

कार्यकारी मंडळाचं म्हणणं, "ओपन सोर्स घ्या, फुकट असतं." ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची तीन नावं पुढे आली आहेत: कोहा, ई-ग्रंथालय, आणि गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती वेबसाइट) सापडलेलं, पीएचपी भाषेत लिहिलेलं एक. वैशिष्ट्यांचा तक्ता केला तर तिन्हींसमोर सगळीकडे बरोबरच्या खुणा येतात. मग निवडायचं कशावरून? जमाखर्चासाठीही काही असेल तर सांगा.

खिडकीतला पेंग्विन

ताई, वैशिष्ट्यांचा तक्ता शेवटी करा. आधी तीन प्रश्न विचारा. त्यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं तर ते नाव तिथंच कापा, बाकीचे गुण मोजत बसू नका. बेरजेत शंभरपैकी ऐंशी पडलेलं सॉफ्टवेअरही डेटा बाहेर देत नसेल तर निरुपयोगीच.

पहिला: आपला डेटा पूर्णपणे, आपला आपण, कुणाला फोन न करता बाहेर काढता येतो का? दुसरा: पुढची पाच वर्षं हे कोण सांभाळणार, म्हणजे प्रकल्पाच्या बाजूनं कोण आणि आपल्या बाजूनं कोण? तिसरा: आज बसवलेल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार?

आता तुमची तीन नावं.

ई-ग्रंथालय एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं आहे. परवान्याचे पैसे नाहीत, पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, आपल्या हाती येत नाही. म्हणजे मोफत आहे, ओपन सोर्स नाही. एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. तुमच्यासारख्या अनुदानित संस्थेला ते मिळतं का, आणि उद्या सोडायचं ठरलं तर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतात, हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर 'मार्क २१ किंवा सीएसव्ही, सभासद आणि देवघेवीच्या इतिहासासकट' असं आलं (मार्क २१ हा ग्रंथालयाच्या नोंदींचा प्रमाण साचा, सीएसव्ही म्हणजे साध्या तक्त्याची फाइल) तर ते शर्यतीत राहील.

गिटहबवरचं पीएचपीतलं. त्याच्या पानावर 'लायसन्स' नावाची फाइल आहे का ते आधी बघा. नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी तो वापरायची, बदलायची परवानगी कुणी दिलेली नाही. सर्व हक्क लेखकाकडेच. मग कोडमध्ये 'मायएसक्यूएल_कनेक्ट' (mysql_connect) हा शब्द शोधा. सापडला तर विषय संपला. डेटाबेसला जोडणारी ती जुनी फंक्शनं पीएचपी ७.० मधून काढून टाकली आहेत, म्हणजे ते चालवायला पीएचपी ५ बसवावं लागेल आणि त्याच्या दुरुस्त्या २०१८ अखेर थांबल्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हे हमखास असतं. गिटहबवर पसंतीचे स्टार किती पडलेत याला काही अर्थ नाही. गेल्या बारा महिन्यांत किती वेगवेगळ्या माणसांनी कोड घातला, लोकांनी नोंदवलेल्या अडचणींना कुणी उत्तर देतं का, आणि शेवटचं प्रकाशन कधी झालं, एवढं बघा. एकच माणूस असेल तर जपून. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सॉफ्टवेअरच्या लहानशा घटकात चोरदरवाजा सापडला, थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवूनच तो घुसवला होता. आणि तो घटक तर जगभरच्या लिनक्समध्ये (विंडोजच्या जागी वापरतात ती खुली प्रणाली) होता.

कोहा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी सुरू झालं, २००० पासून वापरात आहे, जीपीएल परवाना (कोड कुणालाही वापरू, बदलू देणारा). मुख्य आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आवृत्तीचा आकडाच वर्ष आणि महिना सांगतो (२४.११ म्हणजे नोव्हेंबर २०२४). मधल्या महिन्यांत दुरुस्त्या येतात. भारतात विद्यापीठं, महाविद्यालयं ते वापरतात, त्यामुळे हाताळता येणारी माणसं मिळतात. तिन्ही प्रश्नांत पास. पण ते जड आहे, सांभाळायला माणूस लागतो, आणि मराठीसाठी दोन-तीन गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात. पुढे लिहितो.

रोखठोक

एवढा उपद्व्याप कशाला? चार पैसे टाकून विकत घ्या, बिघडलं की फोन करा. ओपन सोर्सवाल्यांकडे फोन करायला माणूस नसतो.

ताळेबंद

रोखठोक, ताईंची अडचण पुन्हा वाचा. त्यांनी विकतचंच घेतलं होतं. फोन करायचा माणूस गेला आणि सोबत डेटाची किल्लीही गेली.

तरी तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. ओपन सोर्स घेऊनही देखभालीचे पैसे द्यावेतच. फरक एवढाच की माणूस बदलता येतो. तो बदलता यावा म्हणून करारात काय हवं ते सांगतो, कारण लहान संस्था इथंच फसतात.

सर्व्हरचा रूट (सर्वाधिकाराचा) पासवर्ड, डेटाबेसचा पासवर्ड आणि डोमेन घेतलं असेल तर त्याचं खातं संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर. सीलबंद पाकिटात सचिवांकडे एक प्रत. दर महिन्याला पूर्ण डेटाबेसची प्रत संस्थेच्या ताब्यात. जे काही बदल करून घ्याल त्याचा कोड संस्थेला द्यायचा, हे वेगळं कलम घाला. "जीपीएल आहे म्हणजे कोड मिळणारच" असं धरून चालू नका. जीपीएलमधली कोड देण्याची अट सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याला दिली तर लागू होते. पुरवठादारानं ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवून तुम्हाला नुसतं ब्राउझरमधून वापरायला दिलं तर तुम्हाला प्रत दिली असं होत नाही आणि तो कोड द्यायला बांधील राहत नाही. एजीपीएल परवान्यात ही पळवाट बंद केली आहे, कोहा मात्र जीपीएलमध्ये आहे. म्हणून कलम लिहूनच घ्या.

पैसे तीन टप्प्यांत द्या: बसवल्यावर, डेटा आल्यावर, आणि संस्थेच्या माणसानं स्वतःच्या हातानं बॅकअपमधून सगळं परत उभं करून दाखवल्यावर. शेवटचा टप्पा सगळ्यात मोठा ठेवा.

ऱ्हस्वदीर्घ

मराठीचं मी सांगतो. कुठलंही सॉफ्टवेअर "मराठी सपोर्ट आहे" म्हणतं. मजकूर दिसणं, शोधता येणं आणि छापता येणं या तीन वेगळ्या परीक्षा आहेत.

जुन्या फाँटमधला डेटा म्हणजे आतून इंग्रजी कळांची अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. आधी फाँटचं नेमकं नाव शोधा, कारण एकाच कंपनीच्या दोन फाँटांची मांडणीही वेगळी असू शकते. कन्व्हर्टरमधून काढल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथं चुका राहतात. संपूर्ण फाइल चालवण्याआधी 'कीर्ती', 'निर्मिती', 'वैशिष्ट्ये', 'शृंगार', 'दऱ्या', 'ऱ्हास' असे शब्द असलेल्या दोनशे नोंदी निवडून बघा.

युनिकोडमध्ये आल्यावर दुसरी गंमत. 'दऱ्या' दोन प्रकारे साठवता येतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर (युनिकोडमधला क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधताना मात्र एक टाकलं की दुसरं सापडत नाही. तसंच 'ॲ'चं: एक स्वतंत्र अक्षर (यू+०९७२), दुसरं 'अ' वर चंद्र. कुणाच्या मोबाइलचा कळफलक एक टाइप करतो, ऑफिसातला इन्स्क्रिप्ट दुसरं. सगळी फाइल आयात करण्याआधीच फाइंड-रिप्लेसनं एकाच रूपात आणा. नंतर २२,००० नोंदींत हे शोधत बसणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

छपाई. पीडीएफ कशानं बनतो ते विचारा. पीएचपीतले टीसीपीडीएफ, डॉमपीडीएफ हे घटक देवनागरीची जुळणी नीट करत नाहीत: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. एमपीडीएफला जमतं, पण त्याची ओपनटाइपची सेटिंग चालू करावी लागते. सर्व्हरवर देवनागरी फाँटच बसवलेला नसेल तर नुसते चौकोन येतात. तो दोष सॉफ्टवेअरचा नसतो. नोटो किंवा लोहित बसवला की सुटतो. सभासदाच्या नावाची एक पावती आणि एक स्मरणपत्र छापून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

दाखल क्रमांक मात्र इंग्रजी अंकांतच ठेवा. कोड ३९ किंवा कोड १२८ बारकोडात देवनागरी अंक बसतच नाहीत. आणि '००१२३' सारखे आकडे असतील तर एक्सेल सुरुवातीची शून्यं गिळतो. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा बट्ट्याबोळ होतो. लिबरऑफिस कॅल्क उघडताना एन्कोडिंग विचारतं, तिथं यूटीएफ-८ निवडा. या कामाला तेच बरं.

शिरोलीकर

मंडळी, धागा वाचनालयाचा हाय, तरी मधीच घुसतो. शिरोलीत फाउंड्री आणि मशिन शॉप, तीस-पस्तीस माणसं. कारखान्याचा सगळा कारभार ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय, ईआरपीनेक्स्ट का ओडू, ह्यातच अडकलंय. दोन्ही ओपन सोर्स म्हणत्यात. नेमका फरक काय ओ?

खिडकीतला पेंग्विन

शिरोलीकर दादा, ओडूची कम्युनिटी आवृत्ती ओपन सोर्स आहे, एंटरप्राइझ नाही. आणि नेमका पूर्ण अकाउंटिंगचा भाग एंटरप्राइझमध्ये आहे, कम्युनिटीत बिलिंगपुरतं मिळतं. बाहेरच्या लोकांनी लिहिलेली मॉड्यूलं जोडून भागवता येतं, पण मग प्रत्येक मॉड्यूलला वर लिहिलेले तीन प्रश्न वेगळे विचारा. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपेचं, सगळंच जीपीएलमध्ये, आणि जीएसटीसाठी 'इंडिया कंप्लायन्स' हे ॲप तेही खुलं. ई-इनव्हॉइस किंवा ई-वे बिल थेट पाठवायची सेवा मात्र वेगळी विकत घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून उलाढाल ५ कोटींवर गेलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्यासाठी हा खर्च ऐच्छिक नसावा.

पण निवड जीएसटीवर करू नका. तुमच्या धंद्याची अडचण वजन आणि नग ही आहे. ऑर्डर नगावर, बिल किलोवर, स्टॉक दोन्हींत. चाचणीसाठी एकच हीट (भट्टीचं एक वितळण) घ्या, समजा ५०० किलो चार्ज (भट्टीत घातलेला माल). त्यातून चांगली कास्टिंग किती नग आणि किती किलो, रनर-रायझर (कास्टिंगला चिकटून राहणारा जादा धातू) परत स्टॉकला किती, रिजेक्शन किती, आणि उरलेली मेल्टिंग लॉस. हा हिशेब हीट नंबरसकट सॉफ्टवेअरमध्ये बसतो का? मग त्यातलीच वीस कास्टिंग बाहेर मशीनिंगला जॉबवर्कवर पाठवा आणि अठराच परत आणा. पुरवठादाराला सांगा, तयार डेमो नको, हे आमच्यासमोर बसून करा. ईआरपीनेक्स्टमध्ये बीओएमला (लागणाऱ्या मालाच्या यादीला) स्क्रॅप आयटम जोडून रनर-रायझर बसवता येतो. वजनातला प्रत्येक नगामागचा फरक मात्र सरळ बसत नाही, रूपांतराचा आकडा ठरावीक धरावा लागतो. कास्टिंगचं वजन दर हीटला हलत असेल तर वेगळा रकाना जोडून घ्यावा लागेल.

आणि जे काही जोडाल ते कस्टम फील्ड किंवा स्वतंत्र ॲप म्हणून. मूळ कोडला हात लावला की पुढची आवृत्ती घेता येत नाही. "तेवढं एक बदलून देतो" म्हणत मूळ फाइल उघडणारा माणूस दिसला की त्याला चहा पाजून परत पाठवा.

शिरोलीकर

नाद खुळा! एका हीटची चाचणी लई भारी. एक शंका. ईआरपीनेक्स्टला आतून लागतंय त्या रेडिस नावाच्या सॉफ्टवेअरनं परवाना बदलला असं वाचलं. मग आपलं काय?

खिडकीतला पेंग्विन

मार्च २०२४ मध्ये बदलला. लगेच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की नावाचा फाटा (त्याच कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प) निघाला, आणि मे २०२५ मध्ये रेडिसनं एजीपीएलचा पर्यायही दिला. तुमच्या कारखान्यात चालणाऱ्या प्रतीला यानं काहीही झालं नाही. जी आवृत्ती खुल्या परवान्यात मिळाली ती खुलीच राहते, म्हणून तर फाटा काढता येतो. परवान्यापेक्षा तुमचा सर्व्हर धुळीत ठेवलाय का ते बघा.

दाखलनोंद

ऱ्हस्वदीर्घ सर, दोनशे नोंदींची चाचणी पटली. पेंग्विन, कोहाचं जड म्हणजे किती? आणि प्रत्यक्ष आयातीत काय बिघडतं?

खिडकीतला पेंग्विन

जड म्हणजे यंत्र म्हणून फार नाही. एक स्वतंत्र संगणक, ८ जीबी मेमरी, एसएसडी, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार). ४ जीबीतही चालतं पण देवघेवीच्या गर्दीत रेंगाळतं. हा संगणक फक्त सर्व्हर, त्यावर कुणी टायपिंग करायचं नाही. काउंटरवरच्या संगणकाला फक्त ब्राउझर लागतो. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, तेव्हा काउंटरवर लिनक्स मिंट टाकायला हरकत नाही. त्याआधी प्रिंटर बघा. कॅनन एलबीपी २९०० असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर डोकं खातो. जमाखर्चाच्या टेबलावर डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर तो एक संगणक चालू आवृत्तीच्या विंडोजवरच राहू द्या. तत्त्वासाठी अडून बसण्यासारखं त्यात काही नाही.

आयात. जुन्या फायलीतून सीएसव्ही, मग ओपनरिफाइनमध्ये सफाई. एकच लेखक आद्याक्षरं आधी, आडनाव आधी, टिंबासह, टिंबाविना असा चार रूपांत असतो. ओपनरिफाइनची क्लस्टरिंगची सोय ती रूपं शेजारी मांडून दाखवते, निर्णय तुम्ही घ्यायचा. मग मार्क २१. त्यातल्या रकान्यांचे क्रमांक असे: शीर्षक २४५, लेखक १००, वर्गांक ०८२, आणि प्रत्यक्ष प्रतीची माहिती कोहाच्या ९५२ मध्ये. मार्कएडिट हे त्यासाठी सोयीचं आहे (मोफत आहे, ओपन सोर्स नाही, पण एकदाच लागतं).

पहिली चूक नेहमी ९५२ मध्ये होते. शाखेचा आणि आयटम प्रकाराचा कोड कोहात आधी तयार केलेल्या कोडशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, मोठी-लहान लिपीसुद्धा. जुळला नाही तर पुस्तकाची नोंद येते पण प्रत येत नाही, आणि सर्वांना वाटतं आयात झाली. म्हणून आयातीनंतर पुस्तकांचा आकडा आणि प्रतींचा आकडा दोन्ही मूळ फायलीशी ताडा. दुसरी अडचण: नोंदी आल्या, पण शोधात काहीच दिसत नाही. तिथं बहुतेक वेळा झेब्राचं (कोहातला शोध चालवणारा भाग) इंडेक्स बनलेलं नसतं, पूर्ण रिबिल्ड करा. देवनागरीसाठी इंडेक्सिंग नेहमीच्या कॅरॅक्टर-मॅपऐवजी आयसीयू या युनिकोड समजणाऱ्या पद्धतीवर ठेवा आणि मग रिबिल्ड. हे न केल्यामुळे 'कोहाला मराठी येत नाही' असा निष्कर्ष काढून लोक परत जातात.

तिसरं बारकोडाचं. दोन पुस्तकांना एकच दाखल क्रमांक असेल तर दुसरी प्रत नाकारली जाते. जुन्या रजिस्टरात असे जोडक्रमांक निघतातच. यादी काढून कपाटाशी ताडल्याशिवाय त्याला इलाज नाही.

ताळेबंद

आता मंडळाच्या 'फुकट'चा हिशेब मांडूया. एक नोंद तपासायला एक मिनिट धरलं तरी २२,००० मिनिटं, म्हणजे सुमारे ३६७ तास. रोज सहा तास एका माणसानं केलं तर एकसष्ट-बासष्ट दिवस. बारकोड चिकटवणं, पुस्तक काढून परत लावणं, अर्धा मिनिट धरलं तरी आणखी १८३ तास. हा खर्च कोहा घ्या, विकतचं घ्या किंवा सरकारी घ्या, तेवढाच. अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरसमोर शून्य लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण त्याखाली ही ओळ आणि देखभालीची ओळ आलीच पाहिजे. नाहीतर मार्चअखेरीस मंडळ विचारतं, "फुकट होतं ना?"

खिडकीतला पेंग्विन

सगळी एकदम करू नका. गेल्या दोन वर्षांत ज्यांची देवघेव झाली तीच पुस्तकं आधी. तेवढ्यावर काउंटर सुरू होतो. बाकीची कपाटवार, आणि एखादं बारकोड नसलेलं पुस्तक काउंटरवर आलंच तर तिथल्या तिथं नोंदवायचं.

रोखठोक

मान्य, डेटाचा मुद्दा बरोबर. पण तीन कर्मचाऱ्यांत डेबियन सांभाळणारा कोण? शिवाजी विद्यापीठातला किंवा केआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातला एखादा विद्यार्थी आणाल, तो पास होऊन पुण्याला जाईल.

खिडकीतला पेंग्विन

जाईलच. म्हणून विद्यार्थी घ्यायचा तर दोघे, आणि दोघांनी मिळून लिहिलेली कृतीची वही: सर्व्हर बंद-चालू कसा करायचा, दुरुस्त्या कशा घ्यायच्या, बॅकअप कुठं असतो, इंडेक्स पुन्हा कसं बांधायचं. वही वाचून तिसऱ्या माणसानं ते करून दाखवलं पाहिजे. लिनक्स आणि लिबरऑफिससाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले धडे आहेत, कर्मचाऱ्यांना ते पुरतात.

संस्थेत आठवड्याला एक तास देणारा कुणीच नसेल तर स्वतः सर्व्हर चालवू नका. कोहाच घ्या, पण चालवायला दुसऱ्याला द्या, ताळेबंद साहेबांच्या कलमांसकट. आणि पुस्तकं तीन-चार हजारच असती तर मी कोहाही सुचवलं नसतं. कॅल्कची एक नीट फाइल आणि छापील रजिस्टर पुरलं असतं.

दुधाळीकर

बॅकअपवर अजून कुणी बोललंच नाही. कोल्हापुरात हा मुद्दा पहिला पाहिजे. २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आठवा. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क, कित्येक ऑफिसांतले तळमजले गेले. सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचाच नाही. जागाच नसेल तर भिंतीवर उंच फळी, आणि यूपीएस त्याहून खाली नाही.

कोहाचं डेबियन पॅकेज रोजचा बॅकअप आपोआप घेतं, पण त्याच डिस्कवर आणि मोजक्याच दिवसांचा. डिस्क गेली की दोन्ही गेले. रोज रात्री ती फाइल दुसऱ्या संगणकावर, आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क पूररेषेबाहेर राहणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या घरी. डिस्क दोन ठेवा, अदलाबदल करत. सभासदांचे पत्ते, फोन त्यात आहेत, म्हणून फाइल पासवर्डनं कुलूपबंद. तो पासवर्ड डिस्कवरच चिकटवायचा नाही, हे सांगावं लागतं.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण सगळे बघतोच. ३९ फूट इशारा, ४३ धोका. ३९ झाले की त्याच दिवशी जादा बॅकअप घेऊन डिस्क बाहेर. हे वहीत लिहून ठेवा, ऐनवेळी कुणाला आठवत नाही.

आणि परत उभं करून बघा. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर बॅकअप चढवायचा, प्रतींचा आकडा जुळवायचा, कपाटातून कुठलीही दहा पुस्तकं काढून ती सापडतात का बघायचं. फाइल रोज बनत होती पण शून्य बाइटची होती, हा प्रकार परत चढवून बघितल्याशिवाय कळत नाही. डिस्क भरली की नेमकं तेच होतं.

एक राहिलं. कर्मचाऱ्यांचा कोहाचा पत्ता इंटरनेटवर उघडा ठेवू नका, आतल्या नेटवर्कपुरताच. वाचकांसाठीची सूची बाहेर दाखवायची असेल तर पुढच्या वर्षी सावकाश.

ताळेबंद

ताईंचा जमाखर्चाचा प्रश्न राहिला. वर्षाला काही शे व्हाउचर असतील तर ईआरपी नको. ग्नूकॅश पुरे: दुहेरी नोंद, फाइल तुमच्याकडे, बाहेर काढता येते. शासकीय अनुदान, वर्गणी, अनामत यांची खाती पहिल्या दिवशीच वेगळी करा. अनामत ही देणी बाजूला, उत्पन्नात नको. ग्नूकॅशमध्ये जुनी नोंद सहज बदलता येते, लेखापरीक्षणात ते अडचणीचं. बुक ऑप्शनमध्ये ठरावीक दिवसांपूर्वीच्या नोंदी फक्त वाचण्यापुरत्या करायची सेटिंग आहे, ती ३० वर ठेवा. ती कुलूप नव्हे, नुसती कडी आहे, सेटिंग बदलणारा बदलू शकतो. म्हणून दर महिन्याचं कॅशबुक छापून सही. नवीन आणि जुनी पद्धत १ एप्रिलपासून तीन महिने बरोबरीनं चालवा.

पतसंस्थेचे कुणी हा धागा वाचत असतील तर त्यांना सांगतो: हे तुमच्यासाठी नाही. पिग्मी, कर्जावरचं व्याज, 'आय' आणि 'जे' नमुने (सभासदांची नोंदवही आणि यादी), 'एन' नमुन्यातला ताळेबंद हे सामान्य जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढूनताणून बसवू नका. अपाची फिनरॅक्ट आहे, पण ते जावातलं व्यासपीठ आहे, त्यावर काम करणारे विकसक पदरी लागतात. एका शाखेच्या पतसंस्थेनं त्यात पडू नये. विकतचंच घ्या, फक्त वर दिलेली डेटाची कलमं करारात घाला.

दाखलनोंद

सर्वांचे आभार. गिटहबवरच्यात लायसन्स फाइल नाही, ते नाव कापलं. ई-ग्रंथालयासाठी दोन प्रश्नांचं पत्र तयार केलं आहे. कोहाची दोनशे नोंदींची चाचणी मागच्या खोलीतल्या संगणकावर करते. एकच शंका: जुन्या पुस्तकांचं कव्हर खरबरीत, लेबल टिकत नाही. बारकोड कुठं लावायचा?

ऱ्हस्वदीर्घ

कव्हरवर नकोच. आतल्या शीर्षक पानाच्या मागे एक आणि देवघेवीच्या पानावर दुसरं, दोन्ही एकाच क्रमांकाचं. साधारण ५० बाय २५ मिमीचं लेबल, थर्मल ट्रान्स्फर रिबनवर छापलेलं. डायरेक्ट थर्मल स्वस्त पडतं पण काही वर्षांत फिकं होऊन स्कॅनर वाचत नाही. लेबलवर बारकोडखाली क्रमांक अंकांत छापलेला असू द्या, स्कॅनर बंद पडला तर हातानं टाकता येतो. आणि आधी एक रोल मागवून पन्नास पुस्तकांना लावून बघा, चार दिवसांनी कडा उचलतात का ते.